लेबलवरचं नाव, रजिस्टरमधलं नाव

आमच्या ऑर्किडवाल्यांच्या ग्रुपवर दिवसाआड एक फोटो येतो आणि खाली एकच प्रश्न असतो, "याचं नाव काय असेल?" पाच मिनिटांत चार उत्तरं येतात, चारही वेगळी, आणि चौघंही आपापल्या उत्तरावर ठाम. मग कोणीतरी म्हणतं अहो रजिस्टरमध्ये, म्हणजे ऑर्किडच्या संकरांची नावं नोंदवतात त्या आंतरराष्ट्रीय यादीत, बघा ना, आणि विचारणारा म्हणतो बघितलं, सापडत नाही. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते आणि त्यातली बरीच वर्षं सर्चच्या कामात गेली, त्यामुळे "सापडत नाही" ऐकलं की माझे कान टवकारतात. बहुतेक वेळा वस्तू असते, शोधणाराही शहाणा असतो, दोघांची गाठ पडत नाही एवढंच.

ज्यांचा ऑर्किडशी संबंध लग्नाच्या डेकोरेशनमधल्या जांभळ्या-पांढऱ्या फुलांपुरताच आहे त्यांच्यासाठी थोडं मागे जाते. माणसाने मुद्दाम परागीकरण करून तयार केलेलं पहिलं ऑर्किड १८५६ साली इंग्लंडमध्ये एक्सेटरला फुललं. व्हीच यांच्या नर्सरीतले जॉन डॉमिनी यांनी ते केलं, परागीकरण कसं करायचं हे त्यांना जॉन हॅरिस नावाच्या एका सर्जननी सुचवलं होतं, आणि झाडाचं नाव पडलं कॅलँथे डॉमिनी. तेव्हा लिंडली हे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणाले होते म्हणतात की आता तुम्ही आम्हाला वेड लावणार. लावलंच. पुढे सेंट ऑल्बन्सचे फ्रेडरिक सँडर यांनी संकरांची यादी ठेवायला घेतली, ती १९०६ मध्ये छापली, आणि १९६१ पासून ती नोंद रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीकडे आली. म्हणजे शंभराहून जास्त वर्षं सलग चाललेली वंशावळ आहे ही. आज तिच्यात लाखाच्या वर संकर आहेत आणि भर पडतेच आहे, कारण १९२२ मध्ये नडसन यांनी ऑर्किडचं बी बुरशीच्या मदतीशिवाय, नुसत्या साखर घातलेल्या अगारच्या जेलीवर रुजवून दाखवलं आणि मग काय, एका शेंगेत लाखो बिया, ज्याच्याकडे लॅब तो ब्रीडर.

डेलिया, नार्सिसस, लिली, ऱ्होडोडेंड्रॉन यांचीही रजिस्टरं त्याच संस्थेकडे आहेत. आपल्या बोगनवेलीचं आंतरराष्ट्रीय रजिस्टर मात्र दिल्लीला, भारतीय कृषी संशोधन संस्थेकडे. हे आपल्याकडे फार लोकांना माहीत नसतं. आणि एक, अशी नोंद म्हणजे मालकी नव्हे. वाणावर हक्क मिळवायचा तर वाणांच्या संरक्षणाचा २००१ चा कायदा वेगळा, त्यासाठीचं प्राधिकरण वेगळं, तिथे वाण वेगळा, एकसारखा आणि स्थिर आहे हे लागवड करून दाखवावं लागतं. इथे फक्त नाव आणि आईबाप. ग्रुपवर दर काही महिन्यांनी कोणीतरी या दोन्हींची खिचडी करतं.

तर आता न सापडण्याकडे.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते ग्रेक्सवर. ऑर्किडमध्ये नोंद होते ती एका जोडीच्या सगळ्या संततीची, त्या अख्ख्या गोतावळ्याला म्हणतात ग्रेक्स. अ आणि ब यांचा संकर एकदा एका नावाने नोंदवला की जगात कोणीही, कधीही, अ आणि ब यांच्या कुठल्याही झाडांपासून रोपं केली तरी नाव तेच. त्या गोतावळ्यातलं एखादं झाड फारच देखणं निघालं तर त्याला अवतरण चिन्हात स्वतःचं नाव मिळतं. आता बाजारात काय होतं, गोतावळ्याचं नाव गळून जातं आणि फक्त त्या एका झाडाचं नाव उरतं. ते मोठं पांढरंशुभ्र फॅलेनॉप्सिस असतं ना, हॉटेलच्या रिसेप्शनवर ठेवलेलं, त्याला सगळे 'व्ही थ्री' म्हणतात. नर्सरीवाला म्हणतो, लेबलवर असतं, आमच्या ग्रुपमधले एक काका तर "माझ्या व्ही थ्रीला यंदा दोन दांडे आलेत" असं नातवाबद्दल सांगावं तसं सांगतात. पण व्ही थ्री हे फक्त त्या झाडाचं नाव. गोतावळ्याचं नोंदवलेलं नाव आहे सोगो युकिडियन, आणि हे माहीत नसेल तर तुम्ही ग्रेक्सच्या यादीत व्ही थ्री टाकत बसा, हाताला काही लागायचं नाही. सोनियाचंही तेच. डेंड्रोबियम सोनिया, म्हणजे सीझर आणि टॉमी ड्रेक यांचा संकर, नोंद आहे. पण फुलबाजारात त्याला म्हणतात सोनिया सतरा किंवा सोनिया अठ्ठावीस, आणि तो आकडा काही ग्रेक्सच्या नावाचा भाग नाही.

यात शोधणाऱ्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. त्याने लेबलवर होतं तेच टाइप केलं. आकडा गाळून, अवतरणातलं नाव बाजूला काढून परत एकदा शोधायचं काम मशीनचं आहे, आणि तसं केलं हे त्याने उघड सांगितलं पाहिजे. "'सोनिया १७' नावाची नोंद नाही, 'सोनिया' आहे, १७ हे बहुधा झाडाचं नाव असावं." एवढी एक ओळ. मी कामावर कित्येक वेळा भांडलेय या एका ओळीसाठी. डेव्हलपर म्हणतात रिझल्ट आलाय ना, मग बास. बास कसं, माणसाला वाटतं आपण मागितलं तेच मिळालं!

दुसरी अडचण नावं बदलण्याची, आणि ही खरी किचकट. गेल्या काही दशकांत डीएनए बघून शास्त्रज्ञांनी ऑर्किडच्या कुळांची (म्हणजे जीनसची, नावातला पहिला शब्द) बरीच उलथापालथ केली. अॅस्कोसेंट्रम वांडामध्ये गेलं, त्यामुळे जिला आपण अॅस्कोसेंडा म्हणत होतो ती आता नुसती वांडा. डोरिटिस गेली फॅलेनॉप्सिसमध्ये. ब्राझीलच्या लेलिया आणि सोफ्रोनायटिस कॅटलियात. आपल्याकडे थायलंडहून येणारं ते रंगीबेरंगी 'पोटिनारा बुराना ब्यूटी' असतं, त्याचं आजचं कुळ आहे रिंकॅटलिआंथे. म्हणून बघा मोठ्याने. सिंगापूरचं राष्ट्रीय फूल वांडा मिस जोआकिम, तेही आता पॅपिलिओनांथे आहे, पण सिंगापूरला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली आम्ही वांडाच म्हणणार, तुमचं तुम्ही बघा. बरोबरच आहे तिचं. लेबलं छापणारे, झाडं विकणारे, जुनी पुस्तकं बाळगणारे सगळे जुन्याच नावात राहतात, आणि रजिस्टरला मात्र शास्त्राबरोबर पुढे सरकावं लागतं.

त्यातली गंमत म्हणजे कूळ बदललं की नावाचं शेपूटही बदलतं, कारण लॅटिनमध्ये लिंग जुळवावं लागतं. अॅस्कोसेंट्रम कर्व्हिफोलियम होतं, वांडात गेल्यावर कर्व्हिफोलिया झालं. मिनिएटमचं मिनिएटा. म्हणजे सर्चने शेवटचं 'अस', 'आ', 'अम' सोडून देऊन जुळवायला शिकलं पाहिजे, नाहीतर जुनं लेबल घेऊन आलेला माणूस एका अक्षरासाठी दारातच अडायचा. मलाही वाटलं वा, सोपा नियम आहे. पण हाच नियम डोळे मिटून लावला की काय होतं बघा. वांडा रॉथ्सचाइल्डियाना हा एक प्रसिद्ध संकर, १९३१ ची नोंद, निळीजांभळी चौकटी-चौकटींची फुलं. आणि पॅफिओपेडिलम रॉथ्सचाइल्डियानम ही बोर्निओच्या किनाबालू डोंगरावरची जंगली प्रजाती, चपलेच्या आकाराचं फूल, वांडाशी सुतराम संबंध नाही. दोघांच्या नावात तेच धनाढ्य घराणं, शेपूट तेवढं वेगळं. सँडेरियाना आणि सँडेरियानम ही अशीच दुसरी जोडी, एक वांडा, दुसरं पॅफिओपेडिलम, ज्याच्या पाकळ्या फूट-दोन फूट खाली लोंबतात. दोन्हींच्या नावातले सँडर म्हणजे तेच, यादीवाले. म्हणजे ज्यांनी यादी सुरू केली त्यांच्याच नावावर सर्च अडखळतो. तेव्हा शेपटाकडे कानाडोळा करा, जरूर करा, पण मग कूळ ठळक दाखवा आणि दोन्ही समोर ठेवा, निवडू दे ज्याचं त्याला.

स्पेलिंगबद्दल माझं मत याहून कडक आहे. आजकाल कुठल्याही सर्चमध्ये एक-दोन अक्षरं चुकली तरी चालवून घेतात, शॉपिंगसाठी ते उत्तम, शर्टाचं स्पेलिंग कसंही लिहा शर्टच मिळणार. नोंदवहीत मात्र एका अक्षराने वेगळं असलेलं नाव हे खरोखरच दुसरं झाड असू शकतं. नाव देण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांत गोंधळ होईल इतकं सारखं नाव देऊ नये असं आहे, पण लाखाच्या वर नावं म्हटल्यावर जवळजवळची नावं असणारच. त्यात तैवान, जपान, थायलंडची नावं रोमन लिपीत येतात ती ज्याला जशी ऐकू आली तशी. आपण सोनियाला एस-ओ-एन-आय-वाय-ए लिहितो, थाई नर्सरी तो वाय घालत नाही. अपॉस्ट्रॉफी सरळ की वाकडी, मध्ये डॅश की मोकळी जागा, असल्या फालतू गोष्टींवर शोध अडू नये हे ठीकच. पण अक्षर बदललं असेल तर "तुम्हाला हे म्हणायचं होतं का" असं विचारावं, गुपचूप बदलून टाकू नये. गुपचूप बदलणारा सर्च मला न सापडणाऱ्या सर्चपेक्षा जास्त डेंजर वाटतो, कारण न सापडलं तर माणूस निदान अजून शोधतो तरी.

नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला आपल्या घराण्याची नामावळी बघायला कधी गेलायत का? गुरुजी आधी आडनाव विचारतात, मग मूळ गाव. नुसतं देशपांडे म्हटलं तर ते वही उघडतच नाहीत, देशपांडे ढिगाने आहेत, ते विचारतात कुठले, आजोबांचं नाव काय, चुलत घराणं कुठे गेलं, आणि मग बरोबर त्या गावाची चोपडी काढतात, पानं उलटतात आणि पणजोबांची सही दाखवतात. आणि गाव जुळलं नाही तर सरळ सांगतात, तुमची वही आमच्याकडे नाही, अमक्यांकडे जा. हा जो उलटा प्रश्न विचारण्याचा भाग आहे ना, तो आपल्या डेटाबेसमध्ये मला जवळपास कुठेच दिसत नाही. सगळ्यांना एका डब्यात नाव टाका आणि एंटर मारा एवढंच सुचतं.

वंशावळीचाच विषय निघाला म्हणून, आईबापांवरून शोधणं हा रजिस्टरचा खरा जीव. संकर करणाऱ्याला नावाने नाही शोधायचं, त्याला विचारायचंय की मी ही दोन झाडं जुळवली, हे आधी कोणी नोंदवलंय का. लिहिताना बीज धरणारी आई आधी, पराग देणारा बाप नंतर अशी पद्धत, पण नावापुरतं अ गुणिले ब आणि ब गुणिले अ एकच. म्हणजे सर्चने दोन्ही बाजूंनी बघितलंच पाहिजे, हा काही पर्याय म्हणून देण्याचा बॉक्स नव्हे. शिवाय आईबापांचीही नावं बदललेली असतात! पहिल्या संकराचंच घ्या. कॅलँथे डॉमिनीचे आईबाप तेव्हाच्या नावांनी मसुका आणि फर्काटा. आज मसुकाला सिल्व्हाटिका म्हणतात आणि फर्काटाला ट्रिप्लिकाटा, आणि दोन्ही प्रजाती आपल्या पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाकडच्या जंगलांत आहेत. एखाद्याने जुन्या पुस्तकात वाचून मसुका आणि फर्काटा टाकलं तर त्याला डॉमिनी मिळाली पाहिजे, सिल्व्हाटिका-ट्रिप्लिकाटा टाकणाऱ्यालाही मिळाली पाहिजे, आणि एक जुनं एक नवं अशी भेसळ करणाऱ्यालाही. सगळ्यात जास्त लोक भेसळच करतात, मी टेस्ट केस लिहिताना पहिली तीच लिहिते.

पुढची हाव म्हणजे आजी-आजोबा. निळ्या वांडांच्या मागे बहुतेक वेळा वांडा सेरुलिया असते, आपली खासी टेकड्यांमधली निळी वांडा. ती आणि फिलिपिन्सची सँडेरियाना, या दोघांची रॉथ्सचाइल्डियाना. तिची लेकरं, त्यांची लेकरं. एका पिढीत दोन पूर्वज, पुढे चार, आठ, सोळा, आणि दहाव्या पिढीला हजाराच्या वर जागा, ज्यात तीच सेरुलिया पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या दारांनी येते. "पूर्वजांमध्ये कुठेही सेरुलिया असलेले सगळे" हा शोध कॉम्प्युटरला फार जड नाही, ऑर्किडविझसारखं विकतचं सॉफ्टवेअर कुठल्या पूर्वजाचा किती टक्के वाटा हेसुद्धा काढून देतं. ब्रीडरला त्याचे पैसे परवडतात. बाल्कनीत दहा कुंड्या असलेल्याला कशाला परवडतील, आणि खरी उत्सुकता त्यालाच असते, आपल्या कठड्यावरच्या झाडाची खापरपणजी मेघालयात होती हे कळल्यावर माणूस त्या झाडाला पाणी जरा प्रेमाने घालतो.

तर हे सगळं ग्रुपवर बोलून बोलून शेवटी लोकांनी मलाच कामाला लावलं. म्हणजे फार मोठं काही नाही, आमच्या सगळ्यांकडच्या झाडांची एक शीट आणि तिच्यावर साधा सर्च. नावं रजिस्टरवरून पडताळून घ्यायची. मी एकच अट घातली, नावाचे तीन रकाने. एक, रजिस्टरमधलं नाव. दोन, लेबलवर जसं आहे तसं, चुकीचं स्पेलिंग असलं तरी तसंच, दुरुस्त करायचं नाही. तीन, बोलतात ते. एका काकूंना दुसऱ्या रकान्याचा भयंकर राग, शाळेत शिकवायच्या त्या, चुकीचं स्पेलिंग दिसलं की त्यांचा हात लाल पेनाकडे जातो, त्या दोनदा जाऊन सगळं सुधारून आल्या आणि मला परत जुनं आणावं लागलं. कारण त्याच नर्सरीतून तेच चुकीचं लेबल आणखी दहा जणांकडे गेलेलं असतं, आणि ते दहा जण तेच चुकीचं टाइप करणार. ती चूक हाच त्यांचा पत्ता आहे, ती पुसली की रस्ता बंद.

तिसरा रकाना सगळ्यात मजेदार निघाला. लोक काय शोधतात याची नोंद मी ठेवते, ती वाचणं हा माझा रात्रीचा टाइमपास. "डान्सिंग लेडी". "चॉकलेट ऑर्किड", म्हणजे शॅरी बेबी, जिच्या फुलांना खरंच चॉकलेटचा वास येतो. "निळी वांडा". "पांढरं मोठं". "ती सीतेची वेणी", देवनागरीत, 'ती'सकट. ही शेवटची तर संकरच नाही, ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा, आपल्या सह्याद्रीत आंब्या-फणसावर लोंबणारी जंगली प्रजाती. रजिस्टर मुळात संकरांचं, त्यात सीतेची वेणी शोधायची तर कोणाची तरी आई किंवा बाप म्हणून. जंगली प्रजातींसाठी लंडनमधल्या क्यू या वनस्पती उद्यानाची वेगळी यादी आहे. हे शोधणाऱ्याला कसं कळावं? म्हणून आमच्या शीटमध्ये अशा वेळी रिकामी पाटी न दाखवता लिहिलेलं येतं की ही प्रजाती आहे, संकर नाही, हिची संतती बघायची असेल तर इथे दाबा. देवनागरीचं मी एवढंच केलं की बोलतात त्या रकान्यात मराठीतही लिहायला लावलं. आपोआप लिप्यंतर करून बघितलं होतं, पण पॅफिओपेडिलम मराठीत चार जण चार प्रकारे लिहितात, माणसांनी भरलेला रकाना बरा पडतो.

आता तरुण मंडळींची मागणी आहे फोटोवरून शोधायची. ताई, फोटो टाकला की नाव आलं पाहिजे, गूगलला जमतं. मी याला ठाम नाही म्हटलंय आणि त्यावरून थोडी वाईटही झालेय. कुळापर्यंत फोटो पोचवतो, हे फॅलेनॉप्सिस आहे, हे ऑन्सिडियम आहे, इथपर्यंत ठीक. पण ग्रेक्स म्हणजे आईबाप, आणि आईबाप फोटोत दिसत नाहीत. एका शेंगेतली भावंडं एक गुलाबी एक पिवळट अशी निघतात, आणि उलट पांढरी मोठी फॅलेनॉप्सिस शेकडो वेगवेगळ्या जोड्यांची असून हुबेहूब सारखी दिसतात. भडक निळ्या फॅलेनॉप्सिसचं तर विचारूच नका, ती रंग टोचलेली असतात, पुढच्या बहराला पांढरं फूल येतं आणि घेणारा विचारतो माझं झाड आजारी आहे का. लेबल हरवलं की त्या झाडाचं नाव हरवलं, कितीही हुशार सर्च ते परत आणू शकत नाही. आणि समजा मशीनने अंदाज सांगितला, माणसाने तो लेबलवर लिहिला, त्याचं पिल्लू कोणाला दिलं, त्याने त्याचा संकर केला आणि उद्या नोंदवला, की रजिस्टरमध्ये कायमचे खोटे आईबाप. शंभर वर्षांच्या वहीत.

म्हणून बिननावाच्या झाडांपुढे आम्ही 'नाव नाही' असंच लिहितो, कोणाकडून घेतलं आणि कधी ते लिहितो, आणि सर्चमध्ये तीही येतात. काहींना हे कमीपणाचं वाटतं, विशेषतः महागाची झाडं असतील तर. वाटू दे.

सध्या माझं लक्ष सर्चच्या निकालांपेक्षा नाव जिथून येतं त्या सुरुवातीकडे जास्त आहे. ग्रुपमधल्या तिघांनी मिळून थायलंडहून कॅटलियाची रोपं मागवलीत, पुढच्या महिन्यात येतील. लेबलवर नुसता नंबर येणार हे ठरलेलं, पण नर्सरीच्या यादीत त्या नंबरापुढे आई आणि बाप दोन्ही लिहिलेले असतात आणि रोपं हातात पडली की ती यादी सगळे डिलीट करतात. ती यादी मी आत्ताच मागून घेतलीय. दोन नावं अजून जुन्याच कुळात आहेत, आणि एकाच्या आईचं स्पेलिंग रजिस्टरशी जुळत नाहीये, ते नर्सरीला विचारायला टाकलंय.